हलकं पाणी

“नाय म्हणजे नाय! त्या बाटलीला हात लावाल तर बघा,” असं म्हणून कमळ कंबरेवर हात ठेवून देव्हाऱ्यापुढे उभी राहिली.

लहूने आधी बायकोकडे बघितलं आणि मग तिच्या डोक्यावरून वरच्या फळीकडे. फळीवर अकरा बाटल्या ओळीने मांडलेल्या होत्या. कुठली खोकल्याच्या औषधाची, कुठली सरबताची, एक तर चौकोनी, विलायती दारूची. दारू कुणी प्यायली ते विचारू नये. सगळ्यांत समुद्राचं पाणी भरलेलं आणि बुचांवर मेण ओतलेलं. लहू सर्वेक्षणाच्या जहाजावर लागल्यापासून ज्या ज्या समुद्रात गेला, तिथली एक बाटली त्याने घरी आणायची, हा कमळचा कायदा होता. वेसाव्याच्या कोळीवाड्यात दुसऱ्या कुणाच्या घरात असलं खूळ नव्हतं. बाकीच्यांचे नवरे आठ-दहा दिवसांत म्हावरं घेऊन परत यायचे. हा बाबा दोन-दोन महिने तिकडेच, आणि येताना बोंबलाची शेपटीसुद्धा नाही. कमळ म्हणायची, “दर्याचं पाणी घरात असलं म्हणजे दर्याला आपल्या घराचा पत्ता ठाव राहतो.”

“गो, एकच दे. शेवटची, अंदमानची.”

“तीच तर मेली नाय देनार! त्याच पान्यानं तुमचं नाव बुडवलं. आता ती बाटलीतनं भाईर काढून आनखी कुनाचं नाव बुडवायचंय?”

“नाव वर काढायलाच नेतोय,” लहू म्हणाला.

कमळ तसूभर हलली नाही. पण “कसं?” असं विचारलं मात्र.

कसं, ते कळायला आधी नाव बुडालं कसं ते सांगायला हवं.

लहूचा बाप, आजा, पणजा सगळे दर्यावरचे. थोरला भाऊ रामनाथ अजूनही घरची बोट चालवतो. लहूने मात्र तिशी उलटून गेल्यावर सरकारी नोकरी धरली, आणि तीही जहाजावरचीच. कोळीवाड्याने नाकं मुरडली. म्हावरं न धरणारं कसलं जहाज? लहू समजावून सांगून थकला. हे जहाज समुद्राच्या तळाखाली काय आहे ते बघतं. मागे पाण्यात हवेच्या बंदुका ओढतात. दाबलेली हवा फाटदिशी सोडली की असा आवाज होतो, की तो पाणी ओलांडून तळाच्या खडकात घुसतो. प्रत्येक थरावरून थोडा थोडा परत येतो. परत आलेला आवाज ऐकायला जहाजामागे अडीच किलोमीटर लांब केबल सोडलेली असते. दंडाएवढी जाड नळी, आत तेल भरलेलं आणि तेलात शेकडो कान. “नारळ घेताना आपण वाजवून बघतो ना, तसं,” असं तो कमळला म्हणाला होता. कमळ म्हणाली होती, “मंग एवढा पगार नारळ वाजवायचा देतात?”

लहूचं काम त्या केबलचं. ती पाण्याखाली दहा मीटरवर, आडवी, सरळ राहिली पाहिजे. हलकी झाली तर वर येते आणि कानात नुसता लाटांचा गोंगाट भरतो. जड झाली तर बुडते. म्हणून तिला शिशाच्या पट्ट्या गुंडाळायच्या, कुठे दोन, कुठे चार. जाळ्याच्या खालच्या दोराला शिसं बांधणाऱ्या घराण्यातला माणूस तो. त्याला हे कुणी शिकवावं लागलं नाही. अकरा वर्षं लहूने बांधलेली केबल पाण्यात पट्टीने आखल्यासारखी राहत आली होती.

आणि मग या वर्षी, म्हणजे शहाऐंशीच्या फेब्रुवारीत, अंदमानच्या समुद्रात ती बुडाली.

तिथे बेटांची एक रांग आहे आणि रांगेत एक निजलेला ज्वालामुखी. कचेरीतल्या सुलक्षणाने लहूला एकदा चहाच्या कपबश्या सरकवून दाखवलं होतं. ही भांडुपची, गिरणी कामगाराची मुलगी, भूशास्त्र शिकून थेट साहेबांच्या खालोखालच्या खुर्चीवर बसलेली. समुद्रतळाची एक जमीन तिथे दुसऱ्या जमिनीखाली घसरत जाते, फार खोल गेल्यावर तिथला खडक वितळतो, तो वर येतो आणि त्याची अशी कमानीसारखी बेटं होतात. त्या बेटांखाली पृथ्वीचं कवच किती जाड आहे, कुठे वाकलंय, कुठे फाटलंय, ते त्यांना आवाजावरून काढायचं होतं. नकाशावर आखलेल्या मार्गाच्या पहिल्याच रेघेवर जहाजाने वळण घेताना वेग कमी केला आणि केबल जी खाली गेली ती गेलीच. वर ओढली तेव्हा निम्मे कान पाण्याच्या दाबाने फुटलेले. तेल गळून समुद्रभर इंद्रधनुष्य झालं होतं. मोहीम तिथेच आटोपली.

श्यामसुंदर साहेब मोहिमेचे प्रमुख. माणूस दुष्ट नव्हता, पण सदा घाईत. मार्चमध्ये त्यांनी अहवाल लिहिला: केबलवर शिसं प्रमाणाबाहेर बांधल्यामुळे नुकसान, केबल विभागातील खलाशी लहू याची हयगय. एक प्रत लहूच्या हातात दिली आणि त्याला जहाजावरून उतरवून अंधेरीपलीकडे मरोळला, कचेरीच्या गोदामात खिळे-बोल्ट सांभाळायला बसवलं.

पगार तोच होता. पण कोळ्याला शिसं बांधता येत नाही, असं सरकारी कागदावर लिहिलं गेलं! अहो, शिंप्याला सुईत दोरा ओवता येत नाही म्हटल्यासारखंच झालं की. कचेरीच्या जीपचा ड्रायव्हर वेसाव्याचाच, त्यामुळे बातमी दोन दिवसांत घरोघर पोचली. एप्रिलमध्ये रामनाथ अंगणात नवं जाळं भरायला बसला होता. लहू जाऊन शेजारी बसला आणि सवयीने शिशाच्या गोळ्यांकडे हात नेला. रामनाथ हसत म्हणाला, “तू राव दे रे. शिसं आमी बांधतो. तू वर तरंगनाऱ्या बोया बांध.” सगळे हसले. लहूही हसला. घरी आल्यावर जेवला नाही. बाजारात कमळच्या शेजारी बसणारी तर म्हावरं तोलताना रोज म्हणायची, “बाय गो, वजन तेवढं तुझ्या घोवाला नको करायला सांगू.” कमळ हातातल्या कोयत्याने पापलेटाचं डोकं असं उडवायची, की गिऱ्हाईक एक पाऊल मागे सरायचं.

आणि खरी गोष्ट अशी, की लहूला तेव्हाच कळलं होतं. अंदमानच्या समुद्रात पोचल्या दिवशी सकाळी कमळची बाटली भरताना त्याने सवयीप्रमाणे ओंजळभर पाणी तोंडात घेऊन थुंकलं होतं. पाणी पुरतं खारट नव्हतं. खारट होतं, पण पावसाळ्यानंतर खाडीच्या तोंडाशी असतं तसं. म्हणजे पाणी हलकं. जड पाणी वस्तू उचलून धरतं, हलकं पाणी सोडून देतं, हे कोळ्याच्या लेकराला सांगावं लागत नाही. तो साहेबांकडे गेला आणि म्हणाला, “साहेब, पाणी हलकं हाय. मुंबईत बांधलेलं शिसं इथं जास्त होईल. काढू थोडं?” साहेब नकाशावर वाकले होते. मान वर न करता म्हणाले, “लहू, चहा घ्या आणि केबल सोडा.”

लहूने चहा घेतला आणि केबल सोडली. हे त्याला सगळ्यात जास्त सलत होतं. दुसऱ्यांदा का बोललो नाही? अहवालाच्या वेळी ‘मी सांगितलं होतं’ म्हणावं, तर साहेबांना ते आठवतही नव्हतं, आणि पाण्याची चव कुठल्या रजिस्टरात लिहिलेली असते?

मे महिन्यात सुलक्षणा नकाशांची गुंडाळी न्यायला गोदामात आली. बोलता बोलता म्हणाली, “काका, नोव्हेंबरला जहाज परत अंदमानला जातंय. केबल नवीन आली. शिशाचा तक्ता तोच आहे.”

“तोच?” लहू स्टुलावरून उठला. “मंग ती पन बुडनार!”

तेव्हा त्याने तिला सगळं सांगितलं. सुलक्षणा ऐकत राहिली आणि मग कपाळावर हात मारून म्हणाली, “अहो काका, ब्रह्मदेशातल्या नद्या तिथे उतरतात! पाणी कमी खारट असणारच. पुस्तकात आहे हे. आपण सगळे खडकाच्या मागे, पाण्याकडे बघितलंच नाही कुणी. पण साहेबांना नुसतं सांगून नाही पटायचं. तिथलं पाणी असतं तर दाखवता आलं असतं.”

“पानी हाय,” लहू म्हणाला. “आमच्या देव्हाऱ्याजवल.”

तर असा सगळा प्रकार. आता कमळ देव्हाऱ्यापुढे उभी होती आणि लहूचं तिला हे सगळं सांगून झालं होतं.

“आनि नाय दाखवलं तर?” ती म्हणाली.

“तर नोव्हेंबरला दुसरा कुनी तरी ते शिसं बांधील. केबल बुडंल. आनि कागदावर त्याचं नाव लिवतील.”

कमळ देव्हाऱ्यापुढून बाजूला झाली. मग वर हात करून चौकोनी बाटली काढली, पदराने पुसली आणि म्हणाली, “बाटली जाईल तर मी पन जाईन.”

“कचेरीत?”

“का? कचेरीत बायका जात नाय?”

पुढचे दोन दिवस लहूने तयारीत घालवले. मुंबईबाहेरच्या खोल समुद्राचं पाणी हवं होतं, कारण केबल बांधली होती तिथे. ते रामनाथकडून मागवलं. रामनाथने डबा आणून दिला आणि म्हणाला, “सरकारला आता खारं पानी पन आमीच पुरवायचं काय?” लहूने डबा उचलून घरात नेला. त्याने इंजेक्शनची एक रिकामी कुपी घेतली, तिच्यात शिशाचे बारीक छर्रे टाकले, बूच बसवून मेण लावलं. कुपी मुंबईच्या पाण्यात सोडायची, वर आली तर छर्रा वाढवायचा, खाली गेली तर काढायचा. शेवटी नखावर मावेल एवढं मेण खरवडत खरवडत त्याने ती अशी साधली, की मध्यावर सोडली तर मध्यावरच राहायची. वरही नाही, खालीही नाही. कमळ बाजूला बसून कोलंबी सोलत होती. ती म्हणाली, “आता जेवा. माज्या लग्नात पन एवढी काळजी केली नवती.”

शुक्रवारी सकाळी दोघं निघाली. कमळ हिरवं लुगडं नेसली होती, अंबाड्यात अबोलीचा गजरा होता आणि बसमध्ये मांडीवर बाटली. लहूच्या हातात रामनाथने आणलेल्या पाण्याचा डबा. अंधेरीला बस बदलली. कंडक्टरने विचारलं, “मावशी, दारू घेऊन कुठे?” कमळने त्याला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मरोळच्या स्टॉपपर्यंत तो मागे फिरकला नाही.

सुलक्षणाने सगळं ठरवून ठेवलं होतं. साहेबांच्या टेबलावर काचेच्या दोन बरण्या होत्या. श्यामसुंदर साहेब आले, कमळला बघून थबकले, मग घड्याळाकडे बघून म्हणाले, “दहा मिनिटं. बोला.”

“बोलायचं काय नाय, साहेब. बघायचं हाय,” लहू म्हणाला.

एका बरणीत त्याने मुंबईचं पाणी ओतलं. दुसरीसाठी बाटलीचं मेण खरवडलं तेव्हा कमळने डोळे मिटून घेतले आणि ओठ हलवले. पाणी ओतून झाल्यावरच डोळे उघडले.

“एक पाणी गार आणि एक गरम असेल तर काहीच सिद्ध होणार नाही,” साहेब म्हणाले. बरोबरच होतं ते.

“काका आल्यापासून दोन तास दोन्ही एकाच बादलीत ठेवली होती, सर,” असं म्हणून सुलक्षणाने दोन्ही बरण्यांत थर्मामीटर बुडवून दाखवला. रेघभरही फरक नव्हता.

लहूने कुपी मुंबईच्या पाण्यात मध्यावर नेऊन सोडली. ती तिथेच राहिली. साहेब वाकून बघत होते. मग त्याने ती काढली, धोतराच्या स्वच्छ फडक्याने पुसली आणि अंदमानच्या पाण्यात तशीच मध्यावर सोडली. कुपी क्षणभर थांबल्यासारखी वाटली, आणि मग हळूहळू, अगदी सावकाश, खाली जाऊन तळाला टेकली.

साहेबांनी बाह्या वर केल्या. स्वतः कुपी काढली, पुसली, इकडे सोडली, तिकडे सोडली. तीनदा. तिन्ही वेळा तेच. मग खुर्चीत बसून त्यांनी कागद ओढला आणि आकडे मांडले.

“पंचवीस किलो,” ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. “सबंध केबलला पंचवीस किलो शिसं जास्त.”

“मी तीस काढलं असतं,” लहू म्हणाला. “दोन-चार किलो हलकी बरी. वर आली तर नुसता आवाज वाढतो, फुटत तर नाय.”

साहेबांनी चष्मा काढला. “तुम्ही तेव्हा हे सांगितलं होतंत का?”

“सांगितलं होतं.”

“मग मी काय म्हणालो?”

त्या माणसाला त्याच्याच खोलीत, सुलक्षणासमोर खाली बघायला लावणं लहूच्या जिवावर आलं. पण कमळला हे सगळं तोंडपाठ होतं.

“तुमी बोल्लात, चहा घ्या आनि केबल सोडा,” ती म्हणाली. “दोन महिने झाले, घरात चहा पितात ना, तर यांच्या तोंडाकडं बघवत नाय.”

“माझं पन चुकलं,” लहू घाईघाईने म्हणाला. “मी दुसऱ्यांदा बोलायला पायजे होतं.”

साहेबांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. ते माफी मागणाऱ्यांतले नव्हते आणि त्यांनी ती मागितलीही नाही. त्यांनी कपाटातून अहवालाची फाईल काढली, ते पान उघडलं, लाल पेनने दोन ओळींवर आडवी रेघ मारली आणि वर नवीन मजकूर लिहिला. घंटी वाजवून टायपिस्टला बोलावलं. “हे पान आत्ता नवीन करून आणा. जुनी प्रत जिथे जिथे गेली आहे तिथे तिथे हे पाठवा. आजच.” मग लहूकडे बघून म्हणाले, “नोव्हेंबरला शिसं तिथे पोचल्यावर बांधायचं. तुम्ही सांगाल तेवढं.”

“म्हनजे मी जायचं?”

“मग कोण जाणार? मी?” साहेब म्हणाले, आणि पहिल्यांदाच हसले.

लहूला हसू आवरेना. पंचेचाळीस वर्षांचा माणूस, पण दहावी पास झाल्यासारखा त्याचा चेहरा झाला. सुलक्षणाने सगळ्यांना चहा सांगितला आणि लहू तो बशीत ओतून भुरके मारत प्यायला. कमळने तेवढ्यात नरसाळं मागून अंदमानचं पाणी बाटलीत परत भरायला घेतलं. टेबलावर सांडलेलंही तिने सोडलं नाही.

पान टाइप होऊन आलं. सुलक्षणाने ते मराठीत करून वाचलं: केबल बुडण्याचं कारण, अंदमानच्या समुद्राचं पाणी मुंबईपेक्षा हलकं असणं आणि शिशाचा भार त्याप्रमाणे बदललेला नसणं. पुढच्या मोहिमेत भार जागेवर ठरवावा. बस्स, एवढंच.

वाचून झाल्यावर ती घुटमळली. “सर, हे काकांनी दाखवून दिलं, असं एक वाक्य घालायचं का? आता तर त्यांचं नावच कुठे राहिलं नाही.”

“अहवालात खलाशांची नावं घालायची पद्धत नाही,” साहेब म्हणाले, आणि बोलून गेल्यावर त्यांचे कान लाल झाले. ते पेन उचलायला लागले.

“नको नको, साहेब,” लहू म्हणाला. “राहू द्या. हेच पायजे होतं.”

“बघू,” कमळ म्हणाली आणि तिने हात पुढे केला.

सुलक्षणाने पान तिच्या हातात दिलं. कमळने ते टेबलावर सपाट ठेवलं, बोट पुसलं, आणि पहिल्या ओळीच्या पहिल्या शब्दावर टेकवून हळूहळू पुढे नेऊ लागली. एक ओळ संपली की दुसरी. एका शब्दाशी तिचं बोट थांबलं. तिने तो डोळे बारीक करून बघितला, पुढची अक्षरं जुळली नाहीत तसं मान हलवली आणि बोट पुढे सरकलं.

लहू बघत राहिला. मार्चमधली ती प्रत त्याने ट्रंकेच्या तळाशी टाकून दिली होती. दुपारी बाजारातून आल्यावर कमळ ती काढून मांडीवर घेऊन बसते, हे त्याने दोन-तीनदा पाहिलं होतं. शाळेचं तोंड न पाहिलेली ही बाई त्या इंग्रजी कागदात काय बघत बसते, ते त्याला आज कळलं.

“यांना इंग्रजी वाचता येतं?” साहेबांनी अगदी हळू आवाजात विचारलं.

“चार अक्षरं येतात,” लहू म्हणाला. “माझ्या नावाची.”

कमळचं बोट शेवटच्या ओळीच्या टोकाला पोचलं. तिने पान उलटं केलं. मागची बाजू कोरी होती. तीही तिने वरपासून खालपर्यंत नीट बघून घेतली.